छापील चित्राचा रंग : तो कसा घडतो व कसा सुधारावा



एखाद्या मासिकांतील रंगीत छायाचित्र भिंगाखालीं धरून पाहा. दुरून जो चेहरा एकसंध गव्हाळ दिसत होता, तो जवळून पाहतां ठिपक्यांचा समुदाय आहे असें आढळून येईल. नवल हें कीं, त्या समुदायांत गव्हाळ रंगाचा एकही ठिपका सांपडत नाहीं. कांहीं ठिपके पिवळे, कांहीं किरमिजी, कांहीं आकाशी व थोडे काळे, एवढाच तेथील सारा संसार. या चार शायांवांचून पांचवी शाई तेथें नाहीं. कडुलिंबाची हिरवाई, पुराच्या दिवसांतील गोदावरीचें गढूळ पाणी, येवल्याच्या पैठणीचा पदर आणि आपला स्वतःचा चेहरा, हीं सर्व या चार शायांच्या कमी-अधिक प्रमाणानें कागदावर उमटतात.

हीं प्रमाणें ठरविण्याचें काम पूर्वीं छापखान्यांतील निष्णात कारागीर करीत. आज तें संगणकावर होतें, आणि ज्यास संगणकावर रोज तासभर बसावयास मिळतें अशा कोणत्याही मुलास किंवा मुलीस तें शिकतां येण्यासारखें आहे. परंतु यंत्र हातीं आलें म्हणजे विद्या हातीं आली असें होत नाहीं. चित्रांतील रंग कसा घडतो, कागदावर उतरतांना तो कां बिघडतो, आणि सुधारतांना आपण कोठें थांबावें, या तीन गोष्टींचा विचार येथें करावयाचा आहे. पैकीं तिसरी गोष्ट सर्वांत कठीण व सर्वांत महत्त्वाची आहे.

नाशिकचा वारसा

हा विषय आपल्या जिल्ह्यास परका नाहीं. त्र्यंबकेश्वर येथें ३० एप्रिल १८७० रोजीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांचें नांव आपण ‘राजा हरिश्चंद्र’ या १९१३ सालच्या चित्रपटामुळें जाणतों. परंतु चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं कित्येक वर्षें ते छायाचित्रणाच्या व रंगीत छपाईच्या उद्योगांत होते, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व नंतर बडोद्याच्या कलाभवनांत त्यांचें शिक्षण झालें. तिरंगी ब्लॉक करण्याची कला शिकण्यासाठीं ते रतलामलाही गेले. पुरातत्त्व खात्यांत छायाचित्रकार व नकाशे-चित्रें काढणारे म्हणून कांहीं काळ नोकरी केल्यावर स्वदेशीच्या चळवळींत त्यांनीं ती सोडली आणि लोणावळ्यास स्वतःचा छपाईचा उद्योग उभारला.

लोणावळ्यासच कां, याचें उत्तर जवळच्या मळवली गांवीं मिळतें. राजा रविवर्मा यांनीं १८९४ साली मुंबईंत गिरगांव येथें काढलेला शिळाछापखाना पुढें मळवलीस हलविण्यांत आला होता. फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या देखरेखीखालीं तेथें देवादिकांचीं व पौराणिक प्रसंगांचीं रंगीत चित्रें निघत, आणि तीं घरोघर भिंतीवर लागत. या पद्धतींत प्रत्येक रंगास स्वतंत्र दगड लागे. मूळ तैलचित्र पाहून, कोणता रंग कोठें किती आहे हें कारागीर केवळ नजरेनें ओळखी, आणि तेवढाच भाग त्या त्या दगडावर उतरवी. एका चित्राचे असे अनेक दगड एकामागून एक त्याच कागदावर नेमके उमटले म्हणजे चित्र पुरें होई. फाळके या छापखान्यासाठीं छायाचित्राच्या साहाय्यानें शिळाछापाचें काम करीत. पुढें दादर येथें त्यांनीं ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ हा छापखाना चालविला, आणि १९०९ साली रंगीत छपाईचीं नवीं यंत्रें पाहून आणण्यासाठीं ते जर्मनीस गेले. रंगांचें पृथक्करण करणारा हा डोळा पुढें पडद्याकडे वळला. आयुष्याचीं शेवटलीं वर्षें त्यांनीं नाशकांत काढलीं व १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं येथेंच त्यांचें देहावसान झालें.

दुसरा वारसा नाशिक रोडचा. त्या पूर्वीं आपल्या देशाचीं टपाल तिकिटें लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. १९२५ साली नाशिक रोड येथें सरकारी मुद्रणालय उभें राहिलें व तिकिटें येथें छापलीं जाऊं लागलीं. १९२८ साली शेजारींच चलनी नोटांचें मुद्रणालय सुरू झालें. तरीही १५ ऑगस्ट १९४८ रोजीं निघालेलीं महात्मा गांधींचीं चार तिकिटें स्वित्झर्लंडमधील कूर्व्हाझिए या छापखान्यांतून छापून आणावीं लागलीं. कारण छायाचित्राच्या कोमल छटा तिकिटाएवढ्या कागदावर उतरविणारी फोटोग्रॅव्ह्यूर पद्धति तेव्हां नाशकांत नव्हती. ती लौकरच आली. १ ऑक्टोबर १९५२ रोजीं कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब व रवींद्रनाथ ठाकूर यांचीं जीं सहा तिकिटें निघालीं, तीं याच पद्धतीनें नाशकांत छापलेलीं होतीं. सुमारें चार वर्षांत, जें काम परदेशीं होत होतें तें आपल्या गांवीं होऊं लागलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

रंग कसा घडतो

आतां शास्त्राकडे वळूं. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या आहेत. ढोबळ मानानें एक प्रकार तांबड्या, दुसरा हिरव्या व तिसरा निळ्या प्रकाशास अधिक जागा होतो. या तिन्ही जाणिवांच्या मिश्रणांतून मन सर्व रंग उभे करितें. या तत्त्वाचा प्रयोग जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञानें १८६१ साली लंडन येथें करून दाखविला. एका रंगीबेरंगी फितीचीं तीन छायाचित्रें तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळणींतून घेतलीं होतीं. तीं त्याच रंगांच्या प्रकाशानें पडद्यावर एकावर एक पाडतांच फितीचे मूळ रंग दिसूं लागले.

संगणकाच्या पडद्यावर आजही हेंच घडतें. चित्राचे अतिसूक्ष्म चौकोन केलेले असतात. त्यांस पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलास तीन अंक दिलेले असतात : तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक अंक ० पासून २५५ पर्यंत असतो. तिन्ही शून्य असल्यास काळा. तिन्ही २५५ असल्यास पांढरा. आणि तिन्ही सारखे पण मधले असल्यास करडा. २५६ ला २५६ नें दोनदां गुणलें म्हणजे १,६७,७७,२१६ येतात. तितके निरनिराळे रंग या तीन अंकांनीं सांगतां येतात.

कागदाची गोष्ट मात्र उलटी आहे. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद केवळ पडलेला प्रकाश परत पाठवितो. पांढऱ्या कागदावर शाई पसरली म्हणजे ती प्रकाशांतील कांहीं भाग गिळते. आकाशी शाई तांबडा प्रकाश गिळते, किरमिजी शाई हिरवा गिळते, पिवळी शाई निळा गिळते. पडद्यावर रंगांची बेरीज होते, कागदावर वजाबाकी होते, एवढें एक सूत्र ज्यानें पाठ केलें त्यास पुढील सर्व धडा सोपा जाईल. तीन शायांची वजाबाकी पुरी झाली तर काळा रंग यावयास हवा. परंतु खऱ्या शाया इतक्या शुद्ध नसतात व मिश्रण तपकिरी दिसतें. म्हणून चौथी काळी शाई जोडीस घ्यावी लागते. याच अशुद्धतेमुळें, तिन्ही शाया सारख्या टाकल्या तर करडा रंग उमटत नाहीं. मध्यम करड्यासाठीं आकाशी ५० टक्के, तर किरमिजी व पिवळा प्रत्येकीं ४० टक्के असें प्रमाण साधारणतः ठेवितात.

आणखी एक अडचण अशी कीं, छापखान्याचें यंत्र कागदावर शाई लावतें किंवा लावीत नाहीं. अर्धवट शाई लावणें त्यास येत नाहीं. मग फिकट छटा यावयाची कशी? ती ठिपक्यांनीं येते. ठिपका लहान असला तर भोंवतालचा पांढरा कागद अधिक दिसतो व रंग फिकट वाटतो. ठिपका मोठा असला तर रंग गडद वाटतो. म्यूनिकच्या गेओर्ग मायझेनबाख यानें १८८२ साली अशा जाळीदार ब्लॉकाचें स्वामित्व घेतलें, आणि त्यानंतर पुस्तकांत व वर्तमानपत्रांत छायाचित्रें विपुल येऊं लागलीं. चारही शायांच्या ठिपक्यांच्या ओळी एकाच दिशेनें ठेविल्या तर त्या एकमेकींत गुंतून भलतीच नक्षी उमटते. म्हणून काळ्याची ओळ ४५ अंशांवर, किरमिजीची ७५, आकाशीची १५ व पिवळ्याची शून्य अंशावर तिरपी ठेवण्याची रीत आहे.

सुधारण्याच्या पायऱ्या

आतां एक उदाहरण घेऊं. समजा, एका वर्गाचें छायाचित्र दुपारीं कडुलिंबाच्या सावलींत काढलें आहे. पानांतून गाळून आलेल्या प्रकाशामुळें मुलांचे पांढरे सदरे किंचित् हिरवट दिसतात व चेहरे रोगट भासतात. हें चित्र छपाईस तयार करावयाचें आहे. त्यासाठीं पैसे देऊन घेण्याचा ‘फोटोशॉप’ आहे, जो १९९० साली प्रथम विक्रीस आला, किंवा फुकट मिळणारा ‘गिम्प’ आहे, जो १९९६ पासून लोकांच्या उपयोगांत आहे. शिकणारानें गिम्पवर आरंभ करण्यास कोणतीच हरकत नाहीं. तत्त्वें दोहोंत एकच आहेत.

पहिली पायरी : मूळ चित्रास हात लावूं नये. त्याची प्रत करून प्रतीवर काम करावें. जेपेग प्रकारचें चित्र पुनःपुन्हां सुधारून जतन केलें म्हणजे प्रत्येक वेळीं त्यांतील बारीक माहिती थोडी थोडी गळते. म्हणून काम चालू असतां तें टिफ प्रकारांत किंवा आज्ञावलीच्या स्वतःच्या प्रकारांत ठेवावें.

दुसरी पायरी : आकार तपासावा. चांगल्या छपाईस दर इंचास ३०० पिक्सेल लागतात. ४ इंच रुंद व ६ इंच उंच चित्रास १२०० गुणिले १८०० पिक्सेल पाहिजेत. भ्रमणध्वनीवरून संदेशानें आलेलें चित्र बहुधा लहान करून पाठविलेलें असतें. तें पडद्यावर छान दिसलें तरी पानभर छापतांच धुरकट होतें. संगणकास सांगून पिक्सेल वाढवितां येतात, पण जी माहिती मुळांतच नाहीं ती त्यास आणतां येत नाहीं. मूळ छायाचित्र मागून घेणें हाच त्यावर उपाय.

तिसरी पायरी : खोलींतील प्रकाश पाहावा. भडक रंगाच्या भिंतीसमोर, पिवळ्या दिव्याखालीं किंवा खिडकींतून ऊन येत असतां रंगांची पारख करूं नये. पडदा सुरू करून अर्धा तास होऊं द्यावा व त्याची झळाळी कमी ठेवावी. कारण अति उजळ पडद्यावर जें चित्र योग्य वाटतें तें कागदावर काळवंडतें.

चौथी पायरी : काळा व पांढरा हीं दोन टोकें बसवावीं. आज्ञावलींत चित्रांतील छटांचा आलेख दिसतो. डावीकडे गडद, उजवीकडे उजळ. आलेख मध्येंच गोळा झाला असेल तर चित्र मळकट दिसतें. टोकें थोडीं आंत सरकवितांच त्यास जीव येतो. मात्र पांढरा सदरा २५५ वर नेऊं नये. तसें केल्यास तेथें शाईचा एकही ठिपका पडणार नाहीं, आणि सदऱ्याच्या चुण्या व शिवण नाहींशी होऊन केवळ कागदाचें भोंक दिसेल.

पांचवी पायरी : प्रकाशाचा डाग काढावा. येथें डोळ्यावर विसंबूं नये, अंकांस विचारावें. डोळा फार लौकर संवय करून घेतो. दहा मिनिटें हिरवट चित्र पाहिल्यावर त्यास तेंच खरें वाटूं लागतें. म्हणून जी वस्तु मुळांत पांढरी किंवा करडी आहे हें आपणांस निश्चित ठाऊक आहे, अशी एक जागा शोधावी. आपल्या उदाहरणांत सदरा आहे. त्यावर टिचकी मारून अंक पाहतां समजा तांबडा २१२, हिरवा २२६ व निळा २०४ आले. पांढऱ्या वस्तूचे तिन्ही अंक जवळजवळ सारखे असावयास हवेत. हिरवा चढलेला आहे, निळा उतरलेला आहे. हिरवा थोडा खालीं आणून व निळा वर नेऊन तिन्ही २१४ च्या आसपास आणिले कीं सदरा पांढरा होतो, आणि त्याच्याबरोबर चेहऱ्यांवरील रोगट झांकही आपोआप जाते. चेहऱ्यास वेगळा हात लावावा लागला नाहीं, याकडे लक्ष द्या.

सहावी पायरी : रेखीवपणा सर्वांत शेवटीं व बेतानें वाढवावा, तोही चित्र छापावयाच्या नेमक्या आकाराचें केल्यानंतर.

कागदाचा स्वभाव

एवढें झाल्यावर चित्र पडद्यापुरतें नीट झालें. छपाई अद्याप राहिली. तिन्ही प्रकाशांचे अंक चार शायांच्या टक्क्यांत बदलावे लागतात, आणि हें गणित प्रत्येक यंत्रास, शाईस व कागदास निराळें असतें. प्रत्येक यंत्राच्या रंगस्वभावाची नोंद एका फाईलींत करून ठेवितात. तिला प्रोफाइल म्हणतात. या नोंदी सर्व यंत्रांस समजाव्यात म्हणून निरनिराळ्या कंपन्यांनीं १९९३ साली एकत्र येऊन एक आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापिलें. आपलें चित्र जेथें छापावयाचें त्या छापखान्यास ‘आपलें प्रोफाइल कोणतें’ हा प्रश्न आधीं विचारावा. गिम्प मूलतः तांबडा-हिरवा-निळा या त्रयींतच काम करितो. तेव्हां तो वापरणारानें शायांचें पृथक्करण छापखान्यावर सोंपविणें बरें.

पडद्यावरील सर्व रंग कागदावर येत नाहींत, हेंही प्रथमच समजून घ्यावें. झेंडूचा भगवा व मोराच्या मानेचा निळा पडद्यावर जितका तळपतो तितका चार शायांनीं तळपणार नाहीं. त्यास्तव छापखान्याशीं भांडण करण्यांत अर्थ नसतो. शाईची मर्यादा ओळखूनच रंग निवडावे.

त्याहून मोठी गोष्ट ठिपक्याच्या फुगण्याची. शाई कागदांत मुरते व ठिपका पसरतो. ५० टक्क्यांचा ठिपका वर्तमानपत्री कागदावर ७५ टक्क्यांच्या आसपास भरतो. गुळगुळीत आर्ट कागदावर तो ६५ ते ७० च्या दरम्यान राहतो. चार शायांची एकूण बेरीजही कागदास सोसेल इतकीच असावी : वर्तमानपत्री कागदास सुमारें २४०, आर्ट कागदास ३०० किंवा थोडी अधिक. त्याहून जास्त शाई पडली तर ती वाळत नाहीं, मागच्या पानावर उमटते, आणि गडद भागांतील सर्व बारकावे चिखलासारखे एक होतात.

कोठें थांबावें

येथें आपण मुख्य प्रश्नाशीं आलों. चित्रांतील गडद भाग म्हणजे कोणते? केंस, झाडाचें खोड, सावली. आणि सावळ्या मुलांचे चेहरे. जेथें ठिपका फुगतो तेथें सर्वांत आधीं यांच्या चेहऱ्यांवरील डोळे, नाकाची कड व हंसूं पुसलें जातें. गोऱ्या मुलाचा चेहरा स्वच्छ छापून येतो, आणि त्याच ओळींतील सावळ्या मुलाचा चेहरा म्हणजे नुसता काळा डाग होतो. आईबाप तें पान उघडून आपलें मूल शोधूं लागतात, तें त्यांस ओळखूं येत नाहीं. हा दोष त्या मुलाचा नव्हे, तो काम करणाराचा आहे.

हा दोष केवळ आपल्याच छापखान्यांतला नाहीं. अमेरिकेंतील कोडॅक कंपनी १९५० नंतरच्या काळांत छायाचित्रें छापणाऱ्या प्रयोगशाळांस रंग जुळविण्यासाठीं नमुन्याचें कार्ड पाठवीत असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचें चित्र असे, आणि तिच्या नांवावरून त्यास ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कातडी बरोबर आली म्हणजे सर्व बरोबर, असा तो हिशेब. त्यामुळें काळ्या वर्णाच्या माणसांचे चेहरे दशकानुदशकें छायाचित्रांत नीट येत नसत. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांचीं चित्रें असलेलीं कार्डें पुढें फार उशीरा आलीं. माप चुकीचें धरलें म्हणजे प्रामाणिक हातही चुकीचेंच मोजतो, याचें हें उदाहरण.

आतां या अडचणीवर दोन उपाय संभवतात, आणि पडद्यावर ते दोन्ही प्रथमदर्शनीं सारखेच दिसतात. दोहोंतही चेहरा थोडा उजळावा लागतो. परंतु एक उपाय सत्याचा आहे व दुसरा असत्याचा.

पहिला उपाय असा. ठिपका कागदावर किती फुगणार याचा अंदाज घेऊन मध्यम छटा आधींच तितक्या हलक्या कराव्या, म्हणजे फुगल्यावर त्या मुळाबरहुकूम येतील. हें सर्व चित्रास सारखेंच लागू करावें, एका चेहऱ्यापुरतें नव्हे. परीक्षा अशी कीं, छापून आलेल्या पानावर प्रत्येक मूल आपल्या खऱ्या वर्णाचें दिसावें, आणि दोन मुलांच्या वर्णांत जितका फरक वर्गांत दिसतो तितकाच पानावर दिसावा. येथें पडद्यावरचा अंक बदलला, पण पानावरचें सत्य राखलें.

दुसरा उपाय पुष्कळ ठिकाणीं चालतो. सावळा चेहरा तेवढा निवडून त्यास गोरा करितात, गालांवर गुलाबी झांक देतात, व्रण व तीळ पुसून टाकितात. ‘आईबापांस असेंच आवडतें’ असें त्याचें समर्थन करितात, आणि पुष्कळदां आईबाप तसें सांगतातही, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. लग्नासाठीं पाठवावयाच्या मुलीच्या छायाचित्रांत तर ही गोष्ट नित्याची झाली आहे. परंतु त्या चित्राकडे मूल कोणत्या दृष्टीनें पाहतें याचा विचार कोणी केला आहे काय? चित्र त्यास शब्दावांचून सांगतें कीं, तुझा चेहरा दाखविण्याजोगा नव्हता, म्हणून आम्हीं दुसरा लाविला. वर्गांत शिक्षकानें मुलाचा वर्णावरून उपहास केला तर सर्वजण रागावतील, आणि रागवावेंच. मग तोच उपहास कागदावर, सुंदर रंगांत, चाळीस वर्षें टिकेल अशा रीतीनें करावा, हें कसें योग्य?

शाईचें शास्त्रच या बाबतींत आपणांस एक सुंदर गोष्ट शिकवितें. मानवी कातडीचा रंग मुख्यतः तिच्यांतील मेलॅनिन या द्रव्यानें व तिच्याखालीं वाहणाऱ्या रक्तानें घडतो, आणि हीं दोन्ही सर्व माणसांत आहेत. म्हणून छपाईंत कोणत्याही निरोगी चेहऱ्याचे अंक पाहिले तरी बहुतकरून क्रम एकच आढळतो : पिवळा किरमिजीपेक्षां थोडा अधिक, आणि आकाशी त्या दोहोंहून कमी. सावळ्या वर्णांत आकाशी व काळ्या शाईचें प्रमाण वाढतें, गोऱ्या वर्णांत तें घटतें. क्रम मात्र बदलत नाहीं. फरक मापाचा आहे, जातीचा नाहीं. आकाशी किरमिजीच्या वर गेली तर चेहरा रोगट होतो. किरमिजी पिवळ्याच्या फार वर गेली तर उन्हानें भाजल्यासारखा दिसतो. हा क्रम सांभाळला कीं, सावळा चेहराही पानावर तेजस्वी येतो, आणि त्यास गोरा करण्याची गरजच उरत नाहीं.

तेव्हां नियम थोडक्यांत असा सांगतां येईल : प्रकाशाचा, यंत्राचा व कागदाचा दोष असेल तो काढावा, माणसाचा रंग हा दोष नव्हे, म्हणून तो काढूं नये. कडुलिंबाची हिरवी झांक पुसणें ही दुरुस्ती आहे. सदऱ्यावर पडलेला धुळीचा ठिपका काढला तरी चालेल. चेहऱ्यावरील तीळ मात्र चित्र काढणाराच्या मालकीचा नाहीं.

पालकांस दोन शब्द

आपलें मूल संगणकावर चित्रें रंगवीत बसतें म्हणून वेळ फुकट जातो असें समजूं नये. पुस्तकें, औषधांचीं वेष्टनें, द्राक्षांच्या पेट्या, लग्नपत्रिका, वर्तमानपत्रें, या सर्वांस रंगांची पारख असलेला माणूस लागतो, आणि ती पारख आज्ञावली विकत घेऊन येत नाहीं. ती भिंग, कागद व धीर यांनींच येते. मात्र मुलास ही विद्या शिकूं देतांना एक उपकार आपणही करावा. त्यानें आपल्या बहिणीचें किंवा आजीचें चित्र जसें आहे तसें सुबक छापून आणिलें, तर ‘जरा गोरें कां केलें नाहींस?’ असें त्यास विचारूं नये. त्या एका प्रश्नानें सगळा धडा पुसला जातो.

अभ्यास

१. वर्तमानपत्रांतील व चांगल्या मासिकांतील एकेक रंगीत चित्र भिंगाखालीं पाहा. कोणत्या चित्राचे ठिपके मोठे आहेत? तसें कां असावें तें चार ओळींत लिहा.

२. शंभर रुपयांच्या कोऱ्या नोटेवरील गांधीजींच्या चित्रावरून हलकेंच बोट फिरवा, व मग तें भिंगांतून पाहा. तेथें ठिपके आहेत कीं रेषा? बोटास काय जाणवलें? मासिकांतील चित्राशीं तुलना करा.

३. एकच पांढरी बशी सकाळीं, भर दुपारीं व दिव्याखालीं अशी तीन वेळां छायाचित्रांत घ्या. तिन्ही चित्रांत बशीचे तांबडा, हिरवा व निळा अंक लिहून त्यांचा तक्ता करा. बशी बदलली कीं प्रकाश बदलला?

४. घरांतील दोन माणसांचें एकत्र छायाचित्र घेऊन वरील पायऱ्यांप्रमाणें सुधारा, व कागदावर छापून घ्या. तो कागद दिवसाच्या उजेडांत त्या दोघांच्या मनगटांशेजारीं धरा. कागद व मनगट जुळलें तर आपला हात बसूं लागला असें समजा. न जुळल्यास अंक पुन्हां पाहा, आणि मनगटाचा रंग खरा मानून कागदाचा बदला.